टेक्सासमध्ये शिकार: ४८ डॉलरचं परमिट घ्यावं, सोडतीत अर्ज करावा की लीज बघावी?

टेक्सासमधली नव्वद टक्क्यांहून जास्त जमीन खासगी मालकीची आहे. ज्याच्या ओळखीत रँच नाही, त्याला शिकारीला जायचं तर वाटा तीन: टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफ खात्याचं वार्षिक सार्वजनिक शिकार परमिट, त्याच खात्याची सोडत, नाहीतर पैसे मोजून खासगी जमिनीची लीज. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंदच झाली, त्यामुळे ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिनला राहणाऱ्या बहुतेक मराठी माणसांच्या घरात हे सांगणारं कुणी नसतं. ऑफिसातला सहकारी सांगतो, पण तो लहानपणापासून काकाच्या रँचवर जात आलेला असतो. सार्वजनिक जमिनीचे नियम त्याला स्वतःलाही फारसे ठाऊक नसतात. शिवाय गेल्या काही वर्षांत लायसन्सचा बराचसा कारभार फोनवर गेला आहे, आणि जुने शिकारीसुद्धा त्यात चाचपडताना दिसतात.

सगळ्यात आधी व्हिसा

एच-१बी, एल-१ किंवा तशाच दुसऱ्या तात्पुरत्या व्हिसावर असाल, तर तीन पर्यायांची तुलना पुढे करू. आधी हे वाचा. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार अशा माणसाला बंदूक किंवा काडतुसं बाळगायला बंदी आहे. मित्राची बंदूक गोळीबाराच्या सराव-रेंजवर तासाभरासाठी हातात घेणंही त्यात येऊ शकतं. या बंदीला मोजके अपवाद आहेत. त्यांतला आपल्या उपयोगाचा अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं वैध शिकार लायसन्स जवळ असणं.

याचा एक परिणाम फार जणांच्या लक्षात येत नाही. २०१९ पासून टेक्सासमध्ये खासगी जमिनीवर, मालकाच्या परवानगीने, रानडुकरांची शिकार करायला लायसन्स लागत नाही. मित्र अगदी मनापासून म्हणतो, ‘डुकरांसाठी काही लागत नाही रे, ये तसाच.’ राज्याच्या कायद्यापुरतं त्याचं बरोबर आहे. पण तुम्ही एच-१बीवर असाल तर ते लायसन्स तुमच्यासाठी नुसतं शिकारीचं नाही, बंदूक हातात धरण्याचा आधारही तेच आहे. टेक्सासचं लायसन्स ३१ ऑगस्टला संपतं, आणि त्याबरोबर तो आधारही. ग्रीन कार्ड असेल तर ही अडचण नाही. धनुष्यबाण या कायद्याच्या व्याख्येत बंदूक ठरत नाही, म्हणून व्हिसावरचे काही जण कंपाउंड बो घेऊन सुरुवात करतात. मला ती वाट चांगली वाटते. तरीही स्वतःची बंदूक विकत घेण्याआधी इमिग्रेशन वकिलाला एकदा विचारा. इथली चूक दंडावर भागणारी नाही, ती व्हिसावर येते.

लायसन्स आणि परमिट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

लायसन्स शिकार करण्यासाठी असतं, परमिट त्या जमिनीवर शिरण्यासाठी. नवख्या माणसाचा गोंधळ बहुतेक वेळा इथेच होतो. साधं रहिवासी लायसन्स २५ डॉलरचं. सलग सहा महिन्यांहून अधिक काळ टेक्सासमध्ये राहत असाल तर तुम्ही रहिवासी. बाहेरच्या राज्यातल्या माणसाला मोठ्या शिकारीचं लायसन्स ३१५ डॉलरला पडतं, म्हणून नुकतेच बदली होऊन आला असाल तर सहा महिने थांबण्यात शहाणपण आहे. होले किंवा बदकं मारायची तर ७ डॉलरचं एन्डॉर्समेंट, म्हणजे लायसन्सवरची जादा परवानगी; धनुष्यबाणाच्या खास हंगामासाठी आणखी ७. मासेमारीसकट राज्याची सगळी एन्डॉर्समेंट एकत्र हवी असतील तर ६८ डॉलरचं सुपर कॉम्बो. हे दर २०२४-२५ च्या हंगामापर्यंतचे आहेत. नव्या हंगामाची विक्री ऑगस्टच्या मध्यावर सुरू होते, तेव्हा एकदा पडताळून घ्या.

२ सप्टेंबर १९७१ ला किंवा नंतर जन्मलेल्याला हंटर एज्युकेशनचा कोर्स सक्तीचा आहे. १७ वर्षांच्या पुढे तो पूर्ण ऑनलाइन होतो. १० डॉलर भरून एकदाच तो पुढे ढकलताही येतो, पण मग सोबत लायसन्सधारक प्रौढ माणूस हवा. माझं म्हणणं, ढकलू नका. कुंपण ओलांडताना बंदूक कशी द्यायची-घ्यायची, झुडपातल्या हालचालीवर गोळी का झाडायची नाही, हे ज्याला घरात कुणी शिकवलेलं नाही त्याने शिकूनच जंगलात जावं.

वार्षिक परमिट: ४८ डॉलरमध्ये काय मिळतं

हे परमिट १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट चालतं. यात राज्यभरची वाइल्डलाइफ मॅनेजमेंट क्षेत्रं येतात, शिवाय खात्याने शेतकऱ्यांकडून भाड्याने घेतलेली होल्यांची शेतंही. ह्यूस्टनकराला सगळ्यात जवळचं मोठं जंगल म्हणजे सॅम ह्यूस्टन नॅशनल फॉरेस्ट, सुमारे १,६३,००० एकर. ते फेडरल जंगल असलं तरी तिथे शिकारीला हे परमिट लागतं. डॅलसकडून खाली येताना कॉर्सिकानाजवळ रिचलंड क्रीक आहे, ऑस्टिनजवळ ग्रेंजर. १७ वर्षांखालच्या मुलाला वेगळं परमिट लागत नाही, परमिटधारक मोठ्या माणसाबरोबर तो जाऊ शकतो. दोन मुलं असलेल्या घराला हा पर्याय म्हणूनच परवडतो.

आता अडचणी. खासगी जमिनीवर हरणांसाठी मका टाकणं टेक्सासमध्ये कायदेशीर आहे आणि सर्रास चालतं. सार्वजनिक जमिनीवर आमिष टाकायला मनाई आहे. म्हणजे यूट्यूबवर फीडरसमोर (मका टाकणाऱ्या यंत्रासमोर) बसून हरीण टिपणारी जी मंडळी दिसतात, त्यांचं तंत्र इथे कामाचं नाही. इथे ओकची फळं कुठे पडली आहेत, ओढ्याकडे जाणारी पायवाट कुठली, वारा कुठून येतोय हे आधी जाऊन पाहावं लागतं. नारिंगी रंग सक्तीचा आहे: किमान ४०० चौरस इंच, छातीवर आणि पाठीवर दोन्हीकडे दिसेल असा, आणि डोक्यावर नारिंगी टोपी. प्रत्येक युनिटचे, म्हणजे शिकारीसाठी नेमलेल्या जमिनीच्या तुकड्याचे, प्राणी वेगळे, हत्यारं वेगळी, तारखा वेगळ्या. कुठे फक्त शॉटगन चालते, कुठे फक्त बाण. ऑनलाइन नकाशा-पुस्तिकेतलं आपल्या युनिटचं पान डाउनलोड करून, छापून खिशात ठेवा.

आणि गर्दी. नोव्हेंबरातल्या रायफल हंगामाच्या पहिल्या शनिवारी सॅम ह्यूस्टनच्या रस्त्यांवर पहाटे चारला ट्रकांची रांग असते. ज्याला बुधवारी सुटी घेता येते, त्याला हेच जंगल वेगळंच भेटतं. हे परमिट ज्याच्याकडे वेळ आहे त्याच्यासाठी आहे. पैसे कमी, पायपीट जास्त.

सोडत: ३ डॉलरचा अर्ज

म्हाडाच्या सोडतीची सवय असलेल्याला ही पद्धत लगेच कळेल. खात्याच्या ऑनलाइन यंत्रणेत प्रकार निवडायचा: बंदुकीने हरीण, धनुष्याने हरीण, जॅव्हेलिना (डुकरासारखा दिसणारा रानटी प्राणी), मगर, फक्त मुलांसाठीची शिकार वगैरे. अर्ज ३ किंवा १० डॉलरचा, नंबर लागला तर परमिट ८० किंवा १३० डॉलरचं, दिवस किती त्यावर. मुदती ऑगस्टपासून टप्प्याटप्प्याने संपतात. नंबर लागला नाही तर त्या प्रकारात लॉयल्टी पॉइंट जमा होतो आणि पुढच्या वेळी शक्यता थोडी वाढते. मित्रांसोबत गटानेही अर्ज करता येतो.

नंबर लागला तर मिळतं ते उत्तम असतं. एनचँटेड रॉकसारखी स्टेट पार्क्स या शिकारीच्या दिवसांत इतर लोकांसाठी बंद ठेवतात. आल्यावर नावनोंदणी, मग खात्याचे लोक सूचना देतात, जागा नेमून देतात. जीवशास्त्रज्ञाला त्या भागात हरणं किती कमी व्हायला हवीत, त्यावर शिकाऱ्यांची संख्या ठरते. पहिल्यांदाच जाणाऱ्याला, विशेषतः मुलाला घेऊन जाणाऱ्याला, इतकी सुरक्षित आणि शिस्तीची जागा दुसरी नाही. फक्त तारीख तुमच्या सोयीची नसते. ती नेमकी दिवाळीच्या शनिवारी आली तर घरी आधी बोलून ठेवलेलं बरं.

लीज

लीजबद्दल थोडक्यात. वर्षाची लीज म्हटली की खर्च सहज हजारो डॉलरवर जातो. दिवसाची लीज स्वस्त पडते, पण मालक कोण, जमिनीवर खरोखर काय आहे हे तुमचं तुम्हालाच तपासावं लागतं. वेळ कमी, पैसा आहे आणि आमिष टाकून, मचाणात बसून करायची शिकार चालणार असेल तर लीज ठीक. पहिल्या वर्षी मी कुणालाही लीज सुचवणार नाही. आपल्याला हे आवडतं की नाही, हेच अजून ठरलेलं नसतं.

कागदी लायसन्स की डिजिटल?

हा खरा नवा बदल. २०२२-२३ च्या हंगामात सुपर कॉम्बोपासून डिजिटल लायसन्स सुरू झालं, पुढे यादी वाढली. ते फक्त ऑनलाइन विकत मिळतं, आणि ते घेतलं की कागदी टॅग, म्हणजे मारलेल्या प्राण्याला बांधायच्या चिठ्ठ्या, घरी येत नाहीत. हरीण किंवा टर्की पडलं की जागच्या जागी खात्याच्या टेक्सास हंट अँड फिश ॲपमध्ये टॅग नोंदवायचा. रेंज नसली तरी नोंद फोनमध्ये होते आणि नंतर वर जाते. मात्र ॲपमध्ये लायसन्स आधीच उतरवून ठेवलेलं असायला हवं. पार्किंगमध्ये उभं राहून पासवर्ड आठवत बसलात तर कठीण.

कागदी टॅगचं काम हाताने होतं. हरीण पडलं, जवळ जाऊन ते मेलं असल्याची खात्री केली की लांबट लायसन्सवरून योग्य तो टॅग वेगळा करायचा, चाकूच्या टोकाने महिना आणि तारखेचे चौकोन कापून काढायचे, उरलेलं पेनाने भरायचं आणि दोऱ्याने शिंगाला किंवा पायाला बांधायचं. तारखेवर पेनाने नुसती खूण केली तर चालत नाही, चौकोन कापलाच पाहिजे. हात थरथरत असतात, उजेड जात असतो, पेन थंडीने चालत नाही. तरीही पहिल्या वर्षी कागदीच घ्या असं मी म्हणेन. सॅम ह्यूस्टनच्या आतल्या भागात रेंज नीट नसते, थंडीत फोनची बॅटरी भराभर उतरते, आणि बंद पडलेल्या फोनमध्ये टॅगच काय, लायसन्सही नसतं. कागद भिजला तरी वाचता येतो. झिपवाल्या पिशवीत ठेवला तर भिजतही नाही.

ज्याला हरीण नको, फक्त सप्टेंबरात होले मारायचे आहेत, त्याने हा विचारच करू नये. टॅग लागत नाही अशा शिकारीत कागदी लायसन्सचा फोटो फोनवर दाखवला तरी गेम वॉर्डनला (शिकारीचे नियम पाहणाऱ्या अधिकाऱ्याला) चालतो.

सार्वजनिक जमिनीवर शिरतानाची नोंदही आता ॲपवर करता येते. पूर्वी गेटजवळच्या पेटीतली चिठ्ठी भरावी लागे, आणि ती सोय अजून अनेक ठिकाणी आहे. ही नोंद मात्र मी ॲपवर करायला सांगेन: युनिट जवळ येण्याआधी, रस्त्यावर रेंज आहे तोवर. बदकांच्या शिकारीला लागणारा केंद्र सरकारचा २५ डॉलरचा फेडरल डक स्टॅम्पही २०२३ च्या शेवटी झालेल्या कायद्यामुळे पूर्ण हंगामभर इलेक्ट्रॉनिक चालतो, टपालाची वाट पाहण्याची गरज उरली नाही. त्या स्टॅम्पच्या प्रत्येक डॉलरमधले ९८ सेंट पाणथळ जागांच्या रक्षणाला जातात. मी बदकं मारत नाही, पण हा स्टॅम्प पक्षी पाहणाऱ्यांनीही घ्यावा, असं मनापासून वाटतं.

मग या वर्षी काय करावं

होले आणि हरीण दोन्ही करायचं असेल तर २५ चं लायसन्स, ७ चं एन्डॉर्समेंट आणि ४८ चं परमिट मिळून ८० डॉलर होतात. हे ऑगस्टच्या उत्तरार्धात घ्या. त्याआधीच सोडतीचे दोन-तीन अर्ज टाका, कारण ३ डॉलरला पॉइंट तरी जमतो. जानेवारीत परमिट घ्यायचं मनात असेल आणि लक्ष्य हरीणच असेल तर थांबा, त्याचा हंगाम बहुतेक संपत आलेला असतो. रानडुकरांसाठी किंवा वसंतातल्या टर्कीसाठी घेत असाल तर ठीक. सार्वजनिक जमिनीवर डुकरांसाठीही लायसन्स आणि परमिट दोन्ही लागतात, तिथे २०१९ ची सूट नाही.

पेनसिल्व्हेनियातल्या वाचकांसाठी एवढंच: तिथे मादी हरणाचं लायसन्स वर्षानुवर्षं गुलाबी पाकिटातून काउंटीच्या खजिनदाराकडे जायचं. २०२३ मध्ये ते ऑनलाइन आलं आणि विक्रीच्या पहिल्याच दिवशी, २६ जूनला, स्क्रीनवर प्रचंड रांग लागली. तुमच्या भागाचा कोटा लवकर संपत असेल तर पहिल्या सकाळी लॉगिन करून बसा, नाहीतर लायसन्स विकणाऱ्या दुकानात जाऊन उभे राहा. न्यू जर्सीचे नियम बंदुकीच्या बाबतीत टेक्सासपेक्षा फारच कडक आहेत, तिथे यातलं काहीही गृहीत धरू नका.

मांस मिळालं तर वाटा, विकू नका, विक्री बेकायदा आहे. आणि शिंगं कितीही सुंदर असली तरी सुटकेसमधून भारतात नेऊ नका. वन्यप्राण्यांच्या अवयवांच्या आयातीवर तिथे कडक निर्बंध आहेत.