नातीचं बचत खातं आणि मुलाची थकबाकी: खडकीतल्या एका शाखेचा अनुभव

काउंटरला पाचपैकी चार, वसुली विभागाला शून्य. बँक मोठी आहे, शाखा आमच्या खडकी भागातली. नाव मुद्दाम लिहीत नाही. मला कुणाची बदनामी करायची नाही, पण नातवंडांच्या नावाने चार पैसे बाजूला टाकणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असायलाच हवं.

नात पहिलीत होती तेव्हा तिचं खातं उघडलं. अॅम्युनिशन फॅक्टरीतून निवृत्त झाल्यापासून माझ्या पेन्शनमधली थोडी रक्कम दरमहा त्यात जाते. दिवाळीला मिळालेले, वाढदिवसाचे, पाहुण्यांनी हातावर ठेवलेले, सगळे पैसे तिथेच. पासबुकाच्या पहिल्या पानावर तिचं नाव, पुढे 'अज्ञान', म्हणजे अल्पवयीन, आणि खाली पालनकर्ता म्हणून माझ्या मुलाचं नाव.

मुलाची चाकणची नोकरी गेली आणि पर्सनल लोनचे हप्ते थकले. त्याच्या स्वतःच्या बचत खात्यातली शिल्लक बँकेने थकबाकीत वळती करून घेतली. त्याबद्दल आमची काही तक्रार नाही. कर्ज त्याचं, खातं त्याचं, कागदावर सहीही त्याचीच. पण नातीच्या डिप्लोमा प्रवेशाची फी भरायला गेलो तर तिच्या खात्यातून पैसे निघेनात. काउंटरवरच्या बाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. शिल्लक 46,000 च्या वर, काढता येण्याजोगी रक्कम शून्य, आणि मध्ये होल्डची, म्हणजे रक्कम अडवून ठेवल्याची, एक ओळ. ना पत्र, ना मेसेज.

शाखेतून वसुली विभागाला फोन लावून दिला. तिकडचा मुलगा म्हणाला, "काका, दोन्हीकडे मोबाईल नंबर एकच, पॅन एकच. इन्कम टॅक्समध्येसुद्धा मुलीचं व्याज वडिलांच्या उत्पन्नात धरतात. मग पैसे वडिलांचेच झाले ना?" अजिबात नाही. कराच्या हिशेबापुरतं अज्ञान मुलांचं उत्पन्न पालकाच्या उत्पन्नात मिळवतात, तेवढ्याने मुलांची ठेव पालकाच्या मालकीची होत नाही. मी नोकरीत स्टोअरला होतो. लेजरवर सही माझी असायची, म्हणून माल माझा होत नव्हता. पालनकर्त्याचंही तसंच आहे.

शिवाजीनगर कोर्टात वकिली करणाऱ्या शेजाऱ्यांनी कायदा समजावून सांगितला. थकबाकीदाराचं आपल्याकडे जे आहे ते अडवून ठेवायचा हक्क बँकेला 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 171 ने दिलेला आहे. खात्यातली रक्कम थकबाकीत वळती करून घेण्याचाही बँकेला अधिकार आहे. मात्र त्याला अट आहे: कर्ज ज्याचं, पैसेही त्याचेच हवेत, आणि त्याच हक्काने. मुलगा कर्जदार आहे तो स्वतःसाठी, नातीच्या खात्यावर सही करतो तो तिच्यासाठी. बरं, नातीनेच संमती दिली होती म्हणावं, तर अज्ञान व्यक्तीला करारच करता येत नाही. 1903 साली मोहोरी बीबीच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वांत वरच्या कोर्टाने, असा करार मुळातूनच रद्दबातल ठरवला, तेव्हापासून हा कायदा पक्का आहे. मुलाच्या कर्जाच्या कागदावर 'सर्व खात्यांतून वसुली' असं छापलेलं आहे, पण त्या सहीने तो बांधला गेला, त्याची मुलगी नाही.

मात्र वकिलांनी दुसरी बाजूही स्पष्ट सांगितली. मुलीसाठी म्हणून बापाने स्वतःच्या नावावर ठेवलेली ठेव बापाचीच. बाप-लेकीचं संयुक्त खातं असेल तर वादाला जागा राहते. आणि वसुली चुकवायला कुणी स्वतःचे पैसे मुलांच्या खात्यात फिरवले, तर कोर्ट त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघेल. आमचं पासबुक स्वच्छ होतं, प्रत्येक मोठी जमा माझ्या पेन्शन खात्यातून आलेली दिसत होती. त्याचा फार उपयोग झाला.

आता शाखेबद्दल. अर्ज लिहून नेला तेव्हा काउंटरवरच्या त्याच बाईंनी तो नीट वाचला, पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स जोडायला सांगितली आणि मी न मागता दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून तारखेसह पोच दिली. नुसतं तोंडी बोलत बसलो असतो तर टोलवाटोलवीच झाली असती. शाखाधिकाऱ्यांनी मला बसवून घेतलं, मुख्य कार्यालयाला माझ्यासमोर मेल केला, आणि फीची मुदत संपायच्या आत होल्ड निघाला. त्याबद्दल त्यांचे मनापासून आभार.

त्याच भेटीत आणखी एक काम करून घेतलं. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल 2025 च्या सूचनांनुसार दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलांना, बँकेने ठरवलेल्या मर्यादेत, स्वतःचं खातं स्वतः चालवता येतं. नात पंधरा वर्षांची आहे. तिच्या सहीचा नमुना घेतला, मोबाईल नंबर बदलून माझा दिला. होल्ड कसा लागला असेल हे त्या एका नंबरावरून कळलं होतं, त्यामुळे हे लगेच केलं. तुमच्याकडेही मुलांच्या खात्याला कर्जदार पालकाचाच नंबर असेल तर आधी तपासा.

मग वसुली विभागाला शून्य का? एका शाळकरी मुलीचे पैसे कुणाच्या आदेशाने अडवले, हे त्यांनी अजून लेखी सांगितलेलं नाही. होल्ड काढला म्हणजे विषय संपला, असं ते धरून चाललेत. माझ्या दृष्टीने संपलेला नाही, कारण उद्या दुसऱ्या कुणाच्या मुलीचा प्रवेश यात बुडेल. बँकेने तक्रारीला 30 दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जाता येतं, फी लागत नाही, माहितीसाठी 14448 हा नंबर आहे. माझी तक्रार लिहून तयार आहे, पोचेची प्रत जोडलेली आहे. मुदत उलटली की त्याच दिवशी पाठवणार.