लेखन केंद्रातली सामायिक नोंदवही : आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या लेखन केंद्रात आम्ही सहा जण शिकवतो, पण सगळे एका वेळी कधीच भेटत नाही. माझी सकाळची पाळी संपते तेव्हा दुपारचे सर अजून सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये असतात. म्हणून अप्पा बळवंत चौकातून जाड पुठ्ठ्याचं 400 पानी रजिस्टर आणलं. ठरलं असं की प्रत्येक विद्यार्थी गेला की त्याच्याबद्दल चार ओळी लिहायच्या.

पहिला दीड महिना ‘प्रस्तावना तपासली, ठीक’ असल्याच नोंदी. त्यावरून पुढच्याने काय करायचं?

मग एक मुलगी आली. तिघांनी तिचं ‘फूलाचा’, ‘जमीनीवर’ लाल शाईने दुरुस्त करून दिलं होतं. चौथ्या खेपेला आमच्या एका ताईंनी मागची पानं चाळली आणि लिहिलं : ‘मूळ शब्द बरोबर लिहिते. सामान्यरूपात उपान्त्य अक्षर दीर्घच ठेवते. आज फूल-फुलाचा, जमीन-जमिनीवर अशा जोड्या तिच्याकडूनच काढून घेतल्या, नियम शेवटी सांगितला.’ म्हणजे प्रत्यय लागताना मूळ शब्दातलं शेवटून दुसरं दीर्घ ‘ई’ किंवा ‘ऊ’ ऱ्हस्व होतं, ते ती करत नव्हती. पुढच्या आठवड्यात ती माझ्याकडे आली, तर निबंधात ‘शरिराला’! ही नोंद वाचलेली नसती तर मी ती नवीनच चूक धरली असती. खरं तर नियम तिला कळला होता. तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या, शब्दांना तो लागत नाही (म्हणून ‘शरीराला’), एवढंच सांगायचं राहिलं होतं. मला फार आनंद झाला त्या दिवशी.

एक गोष्ट मात्र अजून सलते. एका मुलाबद्दल मी ‘वाचन शून्य, मेहनत नको’ असं लिहिलं आणि वही टेबलावर उघडी राहिली. त्याने ते वाचलं. तो परत आला नाही. तेव्हापासून नावाऐवजी क्रमांक लिहितो, वही कपाटात ठेवतो, आणि मुलगा शेजारी बसलेला असताना जे लिहिता येईल तेवढंच लिहितो.

शनिवारी गर्दीत एकच वही दोन टेबलांना पुरत नाही. जुनी नोंद शोधायलाही वेळ जायचा. शेवटच्या पानांवर क्रमांकवार सूची केल्यावर ते सोपं झालं. मध्ये ऑनलाइन शीटही करून पाहिली, पण ‘घरी जाऊन भरते’ म्हणणाऱ्यांनी, माझ्यासकट, ती भरलीच नाही.

तुम्ही सुरू करणार असाल तर उजवीकडे रुंद समास सोडा. आमच्याकडे पुढच्या पाळीचा माणूस तिथे उत्तर लिहितो, आणि मी सकाळी आल्यावर आधी तोच समास वाचते.