गोंगाटातले ऐकणे तपासणारे केंद्र : परभणीकरांचा अनुभव

माझे वडील, म्हणजे आमचे अण्णा, ७६ वर्षांचे आहेत. घरात समोरासमोर बोललेले त्यांना नीट कळते, परंतु मागच्या हिवाळ्यात शेतावर हुरड्याच्या आगटीभोवती पंधरा माणसांच्या गप्पा रंगल्या असताना ते गप्प बसून राहिले आणि परतताना म्हणाले, "आवाज सगळे येतात रे, पण शब्द सुटे होत नाहीत." ही तक्रार छत्रपती संभाजीनगरच्या या श्रवणतपासणी केंद्राने जशी समजून घेतली, तशी आधी कोणीच घेतली नव्हती. एका दुकानाने तर शांत खोलीत नुसते सूर ऐकवून दहा मिनिटांत श्रवणयंत्र हाती दिले होते. त्यातून भांड्यांचा आवाजही तितकाच मोठा येई, म्हणून ते कपाटात पडून आहे.

येथे सुरांच्या चाचणीनंतर मागे गर्दीचा आवाज लावून मराठी शब्द आणि वाक्ये ऐकवली गेली. सुटा "ताट" हा शब्द अण्णांनी दोनदा "पाट" असा सांगितला. "पाहुण्यांना ताट वाढा" हे वाक्य मात्र बिनचूक सांगितले. या फरकावर बोट ठेवून तेथील ऑडिऑलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) बाईंनी सगळे उलगडून सांगितले. वयानुसार अंतर्कर्णातील आवाज टिपणाऱ्या केशपेशी कमी होतात आणि उंच पट्टीचे आवाज आधी जातात, त्यामुळे स्वर ऐकू येतात, पण त, स, क यांसारखी व्यंजने निसटतात. शिवाय उतारवयात मेंदू आवाजातील झटपट बदल पूर्वीच्या चपळाईने टिपत नाही, नको ते आवाज बाजूला सारणे त्याला जड जाते, आणि निसटलेला शब्द जुळवण्यात त्याची इतकी शक्ती खर्ची पडते की पुढचे वाक्य धरून ठेवायला ती पुरत नाही. संदर्भावरून अर्थ लावण्याची हातोटी मात्र टिकून राहते, आणि अण्णांना "ताट" मिळाले ते तिच्यामुळेच. अण्णा संध्याकाळी इतके थकलेले का असतात, हे मला त्या दिवशी कळले.

यंत्र बसवताना कानात बारीक नळी घालून पडद्याजवळ पोहोचणारा आवाज मोजला गेला. "काका, गर्दीतले सगळे कळेल असे मी म्हणणार नाही," हे बाईंनी पैसे घेण्याआधी सांगितले, याचे मला फार मोल वाटते. यंत्र रोज वापरावे, मेंदूला नव्या आवाजाची सवय व्हायला काही आठवडे लागतात. गोंगाट पाठीमागे आणि बोलणारा समोर राहील असे बसावे. घरच्यांनी आधी हाक मारावी, अण्णांनी वळून पाहिल्यावर सावकाश बोलावे आणि ओरडू नये, कारण ओरडल्याने शब्द अधिकच बिघडतात, असेही त्यांनी बजावले. तीन महिन्यांनी पंगतीत अण्णा शेजारच्या माणसाशी तुरीच्या भावावर बोलत होते. लांबचे बोलणे अजूनही निसटते.

किंमत पेन्शनवर चालणाऱ्या घराला जड जाते आणि यंत्र जुळवून घेण्यासाठी परभणीहून तीन खेपा कराव्या लागल्या. बसण्याच्या खोलीत टीव्ही मोठ्याने चालू असतो आणि त्यातच रुग्णांची नावे पुकारली जातात. अण्णांचे नाव दोनदा पुकारले गेले, तरी त्यांना कळले नाही. तो टीव्ही बंद ठेवावा, ही कळकळीची विनंती.