बर्फ वितळवणारे मीठ: गुणकारी, पण जपून वापरण्याजोगे

हिमवृष्टीच्या प्रदेशात खरा जाच होतो तो दिवसा थोडे वितळून रात्री पुन्हा गोठणाऱ्या बर्फाचा, कारण त्यामुळे पायऱ्यांवर बसणारा पारदर्शक थर फावड्याने निघत नाही आणि पाय घसरेपर्यंत दिसतही नाही. त्यावर उपाय म्हणून पोत्यातून मिळणारे जाडे मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, मी नियमित वापरतो.

तापमान शून्याच्या थोडेच खाली असेल तर त्याचे काम चोख आहे. खडे टाकले की प्रत्येकाखाली बारीक भोक पडत जाते, खारे पाणी त्यातून उतरून बर्फ आणि पायरी यांच्यामध्ये पसरते, आणि काही वेळाने फावड्याचे टोक सारले की थराचे मोठमोठे तुकडे अलगद सुटतात. सगळा बर्फ वितळेपर्यंत मीठ ओतत राहण्याची गरज नसते. पोते विकणारा हे आपणहून सांगेल, अशी अपेक्षा मात्र ठेवू नये.

उणे ९ अंश सेल्सियसच्या खाली हे मीठ फारच मंदावते. खाऱ्या पाण्याचा गोठणबिंदू उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकतो हे खरे, पण कामावर निघण्याच्या घाईत त्या आकड्याचा उपयोग नाही. तेव्हा कॅल्शियम क्लोराइड सरस ठरते, कारण विरघळताना ते स्वतःच उष्णता सोडते. मात्र ते हवेतली ओल शोषते. पोते उघडे राहिले की ढेकळे होतात आणि घरातल्या फरशीवर चिकट ओशट डाग राहतात.

माझी मुख्य तक्रार मिठाच्या परिणामांबद्दल आहे. बुटांवर पांढरे वण उठतात, गाडीचा तळ गंजतो, कुत्र्याचे पंजे चुरचुरतात आणि कडेची झाडे करपतात. काँक्रीटचे नुकसान सर्वांत महाग पडते: छिद्रांत मुरलेले पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते, मिठामुळे वितळण्या-गोठण्याची आवर्तने वाढतात आणि पृष्ठभागाचे पापुद्रे सुटू लागतात. नव्या काँक्रीटवर तर पहिल्या हिवाळ्यात मीठ टाकूच नये.

पायऱ्यांसाठी मी हे मीठ पुन्हा घेईन, पण आधी बर्फ उपसून मगच मूठभर पसरेन. गाडी लावण्याच्या जागेवर मात्र जाडी वाळूच बरी. ती बर्फ वितळवत नाही, पण चाकांना पकड देते.