‘झिरो लेटन्सी’ कॅप्चर कार्ड आणि पैसे घेऊन टाकलेला ड्रायव्हर: माझा फसवणुकीचा अनुभव

आधीच सांगते, मला कार्ड विकताना जेवढं फसवलं त्यापेक्षा जास्त लॅग ‘दुरुस्त’ करून देताना फसवलं. म्हणून ज्यांनी नवीन कॅप्चर कार्ड (कॅमेऱ्याचं चित्र पीसीत आणणारं यंत्र) घेतलंय, व्हिडिओ मागे पडतोय आणि सपोर्टवाला रोज नवीन काहीतरी करायला सांगतोय, त्यांनी हे प्लीज पूर्ण वाचा, आणि कार्ड परत करायची शेवटची तारीख आत्ताच बघून ठेवा.

मी गणिताचे लाईव्ह क्लास घेते. वर कॅमेरा, खाली कागद, लिहीत जायचं आणि बोलत जायचं. वेबकॅमवर अक्षरं फुटायची म्हणून घरात पडून असलेला एचडीएमआय आउटवाला कॅमेरा बाहेर काढला आणि तो पीसीला जोडायला कॅप्चर कार्ड शोधायला लागले. एक मिळालं, त्यावर लिहिलेलं ४के ६० एफपीएस (सेकंदाला ६० फ्रेम), यूएसबी ३.०, झिरो लेटन्सी म्हणजे अजिबात उशीर नाही, प्लग अँड प्ले. व्हिडिओ पण होता, त्यात एक जण कंट्रोलरचं बटण दाबतो आणि समोरच्या स्क्रीनवर लगेच हालचाल होते, जराही उशीर नाही. तो व्हिडिओ बघूनच मी घेतलं. आता कळतंय की त्यातली स्क्रीन कॉम्प्युटरची नव्हतीच, ती कार्डाच्या लूप आउटला लावलेली टीव्हीची स्क्रीन होती. लूप आउट म्हणजे आलेला सिग्नल तसाच्या तसा पुढे काढून देणं, त्याला जाणवेल असा उशीर होत नाही, स्वस्त कार्डातही सहसा नाही. उशीर होतो तो कार्डातून यूएसबीने पीसीत जाऊन ओबीएसमध्ये (लाईव्ह स्ट्रीमिंगचं सॉफ्टवेअर) दिसेपर्यंत, आणि ते त्यांनी कुठेच दाखवलं नव्हतं. तेव्हा झिरो लेटन्सी लिहिलेलं दिसलं की पहिला प्रश्न हा विचारा, कुठल्या स्क्रीनवर?

कार्ड आलं, जोडलं, चित्र लगेच आलं, मी खूश. मग ट्रायल घेताना पेन्सिलीने टेबलावर टकटक केलं तर आवाज आधी आणि पेन्सिलीचं टोक टेबलाला नंतर टेकतंय. हात हलवला तर तो पण झटके खात हलतोय. मी त्याच दिवशी सपोर्टला मेसेज टाकला. तेव्हा परत करायला दहा दिवस होते.

आणि इथून खरी गोष्ट सुरू होते. तो माणूस इतका नम्र बोलायचा की संशयच आला नाही. मॅडम, एचडीएमआय केबल बदलून बघा. बदलली. मॅडम, मागच्या पोर्टला लावा, पुढच्या पोर्टला पॉवर कमी येते. लावलं. मग यूएसबी हब काढा, मग ग्राफिक्सचा ड्रायव्हर अपडेट करा, मग पॉवर सेटिंगमध्ये यूएसबी सस्पेंड बंद करा, मग अँटीव्हायरस बंद करून बघा. प्रत्येक उत्तराला एक दिवस. यातल्या बऱ्याच गोष्टी खरोखरच करून बघण्यासारख्या असतात, खराब केबलने चित्र जातं-येतं, हबमुळे फ्रेम पडतात, म्हणूनच मला वाटत राहिलं की माणूस जाणकार आहे आणि दोष माझ्याच पीसीत आहे. कार्डाचं काय, हे मी एकदाही विचारलं नाही. आठव्या दिवशी मीच म्हटलं की मला परत करायचंय, तर म्हणाला मॅडम रिटर्न टाकलात तर सपोर्ट तिकीट क्लोज होईल, फक्त दोन दिवस द्या, आमचा सीनियर इंजिनियर बघेल. मी दिले दोन दिवस. अकराव्या दिवशी सीनियरचा फोन आला.

सीनियरने रिमोट ॲप टाकायला लावलं आणि माझ्या पीसीचा ताबा घेतला. त्याने इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची स्वतःची नोंदवही) उघडून लाल-पिवळ्या खुणांची यादी दाखवली, हे बघा किती एरर, तुमच्या सिस्टीममुळे सिग्नल अडकतोय. मी घाबरले. कुठल्याही धडधाकट विंडोजमध्ये ती यादी तशीच भरलेली असते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तुम्ही आत्ता स्वतःच्या पीसीवर उघडून बघा, दिसेल. मग म्हणाला की या कार्डाचा हाय स्पीड ड्रायव्हर वेगळा येतो, लायसन्स घ्यावं लागेल. मी पैसे भरले. त्याने काहीतरी इन्स्टॉल केलं, एक निळी पट्टी भरत गेली, मग मला म्हणाला स्क्रीनकडे बघू नका, रीस्टार्टची तयारी चालू आहे, तोवर पाणी पिऊन या. मी खरंच उठून गेले. परत आले, टकटक केलं, तर आवाज आणि चित्र एकदम जुळलेलं! मी त्याचे आभार मानले आणि पाच स्टार पण दिले.

महिनाभर चाललं. मग दुसऱ्या बॅचसाठी मी ओबीएसमध्ये नवीन सीन कलेक्शन (कॅमेरा-माइकच्या मांडणीचा संच) बनवलं, कॅमेरा आणि माइक नव्याने ॲड केले आणि तोच प्रॉब्लेम परत. ड्रायव्हर तोच, कार्ड तेच, पीसी तोच. सीनियरला फोन लावला तर म्हणाला लायसन्स एका प्रोफाइलचं असतं, दुसरं घ्यावं लागेल. इथे मात्र मला खटकलं. मावसभावाला बोलावलं, तो एडिटिंगचं काम करतो.

त्याने जुनं कलेक्शन उघडलं, अॲडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीजमध्ये गेला आणि माइकच्या ओळीवर बोट ठेवलं. सिंक ऑफसेट, २०० मिलिसेकंद. नव्या कलेक्शनमध्ये तिथे शून्य होतं. त्याने शून्याच्या जागी २०० टाकलं आणि आवाज जुळला, दहा सेकंदात. म्हणजे मी पाणी प्यायला गेले तेव्हा सीनियरने माझा आवाज २०० मिलिसेकंद मागे ढकलून ठेवला होता, व्हिडिओ होता तेवढाच उशिरा येत होता. मग भावाने डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाचा ड्रायव्हर उघडला, ड्रायव्हर डिटेल्समध्ये फाइलचं नाव होतं यूएसबीव्हिडिओ डॉट सिस. ही विंडोजची स्वतःची फाइल आहे, वेबकॅमला लागते तीच. अशी बहुतेक कार्डं यूव्हीसी म्हणजे साध्या वेबकॅमच्या पद्धतीनेच पीसीशी बोलतात, त्यांना वेगळा ड्रायव्हर लागतच नाही. मी पैसे मोजून घेतलेला हाय स्पीड ड्रायव्हर या जगात कुठेच नव्हता.

आवाज मागे ढकलणं हा उपाय चुकीचा नाही बरं का, हे मला आवर्जून सांगायचंय. नुसतं शिकवायचं किंवा बोलायचं असेल तर बघणाऱ्यासाठी हाच बरोबर उपाय आहे. पण तो फुकट आहे, ओबीएसमध्येच आहे, आणि तो कोणीही दोन मिनिटात करू शकतं. प्रीव्ह्यूकडे बघत बघत काही करायचं असेल, जसं गेम खेळणं किंवा मी करते तसं स्क्रीनवर बघून कागद सरकवणं, तिथे मात्र ऑफसेटचा काही उपयोग नाही, कारण चित्राचा उशीर तसाच राहतो.

मग भावाने कार्डाच्या प्लगमध्ये मोबाइलचा टॉर्च मारला. आतलं प्लास्टिक निळंशार, यूएसबी ३ चं असतं तसं. पण धातूच्या पट्ट्या फक्त पुढच्या ४. खऱ्या यूएसबी ३ च्या त्या चौकोनी प्लगमध्ये या ४ च्या मागे, आत खोलवर अजून ५ छोटे पिन असतात, एकूण ९. माझ्यात मागे नुसतं कोरं निळं प्लास्टिक. मी कितीतरी वेळ तो प्लग हातात धरून बसले होते, एवढी साधी गोष्ट होती आणि पहिल्या दिवशी दिसली असती.

पिन मोजून थांबू नका, कारण पिन बसवून आतली जोडणीच केलेली नाही असंही होऊ शकतं. स्पीड बघा. लिनक्सवर एलएसयूएसबी ची टी ऑप्शनवाली कमांड मारली की कार्डासमोर ४८०एम येतं की ५०००एम (एम म्हणजे सेकंदाला मेगाबिट) ते दिसतं, मॅकवर सिस्टीम इन्फॉर्मेशनमध्ये यूएसबीच्या यादीत दिसतं, विंडोजवर यूएसबीचं ट्री दाखवणारी फुकट युटिलिटी मिळते. माझं ४८० होतं, म्हणजे २००० सालचं यूएसबी २.०. एक काळजी घ्या, चांगलं कार्ड पण यूएसबी २ च्या पोर्टला किंवा यूएसबी २ च्या केबलने लावलं तर ४८०च दाखवेल, तेव्हा कार्डावर आळ घेण्याआधी पोर्ट आणि केबल दोन्ही बदलून बघा.

४८० ने नक्की काय बिघडतं ते भावाने कागदावर मांडून दाखवलं आणि गणित माझंच असल्यामुळे लगेच पटलं. फुल एचडीची एक फ्रेम म्हणजे १९२० गुणिले १०८०, सुमारे २०.७ लाख पिक्सेल. वायूवाय२ या न दाबलेल्या फॉरमॅटमध्ये पिक्सेलला २ बाइट, म्हणजे फ्रेमला ४ एमबीच्या वर. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे जवळपास २४९ एमबी. आणि यूएसबी २ ची कागदावरचीच क्षमता सेकंदाला ६० एमबी, प्रत्यक्षात त्याहून बरीच कमी. मावणारच नाही. मग कार्ड काय करतं तर प्रत्येक फ्रेम एमजेपेगमध्ये, म्हणजे जेपेग फोटोसारखी, दाबून पाठवतं, पीसी ती परत उलगडतो, त्यात वेळ पण जातो आणि बारीक अक्षरांच्या कडा पण खराब होतात. माझ्या कार्डाची मोडची यादी काढली तर १०८० ला एमजेपेगमध्ये ३० एफपीएस आणि वायूवाय२ मध्ये फक्त ५ एफपीएस. खोक्यावर ६० छापलेलं! ४के होतं ते फक्त इनपुटला, म्हणजे आत ४के घेतं आणि लहान करून १०८० देतं. खरं यूएसबी ३.० असतं तरी ५ गिगाबिटमधून न दाबलेलं ४के ६० जातच नाही, एनव्ही१२ हा कमी जागेचा (पिक्सेलला दीड बाइट) फॉरमॅट धरला तरी सेकंदाला ७४६ एमबी लागतात आणि त्या वायरीतून जास्तीत जास्त ५०० च्या आत जातात. त्यामुळे ४के ६० वाचलं की विचारा, इनपुट, लूप आउट की कॅप्चर? तिन्ही आकडे वेगळे लिहून मागा.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये हार्डवेअर आयडी बघितला तर व्हीआयडी (कंपनीचा क्रमांक) ५३४डी, पीआयडी (वस्तूचा क्रमांक) २१०९ निघाला, ही एमएस२१०९ चिप. ती चिप यूएसबी २ चीच आहे आणि त्या मानाने बरं काम करते, दोष तिचा नाही, तिला यूएसबी ३ आणि ४के ६० म्हणून विकणाऱ्याचा आहे. आवाजाच्या सेटिंगमध्ये कार्ड १ चॅनेल ९६००० हर्ट्झ असं दिसलं तर ती पण याच चिपची ओळखीची खूण, खरं तर आत ४८००० चा स्टिरिओ असतो.

उशीर स्वतः मोजायला शिका, कोणाच्या शब्दावर राहू नका. मी असं केलं, दुसऱ्या लॅपटॉपचं एचडीएमआय कार्डाला लावलं, स्क्रीन डुप्लिकेटवर ठेवली, त्यावर मिलिसेकंदवालं स्टॉपवॉच चालू केलं, शेजारी पीसीवर ओबीएसचा प्रीव्ह्यू, आणि मोबाइलने दोन्ही स्क्रीन एका फोटोत. लॅपटॉपवर १२.६३१ आणि प्रीव्ह्यूत १२.४१८, म्हणजे २१३ मिलिसेकंद. स्क्रीन स्वतः दर १६.७ मिलिसेकंदांनी बदलते म्हणून एका फोटोवर जाऊ नका, दहा काढून सरासरी घ्या. यात कॅमेरा बाजूला राहतो, नाहीतर कॅमेऱ्याचा स्वतःचा उशीर पण कार्डाच्या नावावर जातो. मग ओबीएसमध्ये कार्डाच्या प्रॉपर्टीजमधलं बफरिंग डिसेबल केलं, माझ्याकडे तेवढ्याने दोन फ्रेमचा फरक पडला, आणि ३० एफपीएसला दोन फ्रेम म्हणजे ६७ मिलिसेकंद. सीनियरने हे सुद्धा केलं नव्हतं.

पैशांपेक्षा मला त्या रिमोट ॲपची जास्त भीती वाटली. ते अजून पीसीत होतं आणि आपोआप चालू होईल असं सेट केलेलं होतं. ब्राउझरमध्ये माझे सगळे पासवर्ड सेव्ह, मुलांच्या पालकांचे नंबर त्याच पीसीवर. आधी नेट तोडलं, ॲप काढलं, मग मोबाइलवरून सगळे पासवर्ड बदलले, बँकेला कळवलं, आणि शेवटी विंडोज नव्याने टाकलं. ज्यांनी कोणाला असा ताबा दिलाय त्यांनी हे आजच करा, पैसे परत मागण्याच्या आधी करा.

तक्रार केली. फोटो, स्टॉपवॉचचे आकडे, स्पीडचा स्क्रीनशॉट, सगळं जोडलं. उत्तर आलं की रिटर्नची मुदत संपली आहे आणि तुम्ही स्वतः पाच स्टार दिले आहेत. ड्रायव्हरच्या लायसन्सबद्दल म्हणाले की ती सेवा आमची नाहीच, तुम्ही परस्पर घेतली. सीनियरचा नंबर लागत नाही. पाच स्टार मी काढले आणि तिथे पिनचा फोटो टाकला, तर चार दिवसात ते पानच गायब झालं.

काल नवीन कार्डासाठी केबल शोधताना ते परत दिसलं. नाव वेगळं, विकणारा वेगळा, पण तोच व्हिडिओ, तोच कंट्रोलर, झिरो लेटन्सीची तीच ओळ, आणि व्हिडिओतल्या टेबलाच्या कोपऱ्यावर तोच उडालेला टवका. खाली एका बाईंची कमेंट होती, चित्र उशिरा येतंय, काय करू? आणि त्याखाली उत्तर, मॅडम, एचडीएमआय केबल बदलून बघा. मी त्यांना लगेच लिहिलंय की केबल नंतर बदला, आधी रिटर्न टाका.