अकरा महिने, तीन ट्यूबा आणि कालनिर्णयवरचे आकडे

वय ३४, नाशिक. बँकेत काउंटरवर बसते, म्हणजे दिवसाचे आठ तास खुर्ची आणि जाता-येता स्कूटर. दुखणं कसलं ते लिहायला मला तीन वर्षं लागली, कारण शब्दच नव्हता. योनीला ‘मायांग’ असा एक शब्द मराठीत आहे म्हणे, पण तो मी जन्मात कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. आपण ‘खाली’ म्हणतो. ‘खाली आग होते’ एवढंच मी सगळ्या डॉक्टरांना सांगत आले आणि त्या ‘खाली’मध्ये काय काय बसतं ते कुणी विचारलं नाही.

मिरच्या चिरलेला हात चुकून डोळ्याला लागला की जशी आग होते, तशी. फक्त जागा वेगळी. जीन्सची शिवण लागली की, स्कूटर खड्ड्यातून गेली की, नवऱ्याजवळ गेले की. आणि कशाचाच स्पर्श नसेल तेव्हा नुसती चुरचुर, दिवसभर.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, “उन्हाळी लागली असेल, धणे-जिऱ्याचं पाणी पी.” प्यायले. लघवीची तपासणी स्वच्छ. मग डॉक्टरांचा ठरलेला प्रश्न, “अंगावरून पांढरं जातं का?” थोडं जातंच की कुणाचंही. “हो” म्हटलं की बुरशीचं औषध. दोन वर्षांत अशा सात चिठ्ठ्या झाल्या. एकदाही कुणी स्राव तपासायला पाठवला नाही, टेबलावर घेऊन नीट पाहिलंही नाही. एका चिठ्ठीवर तर बुरशीनाशक, अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड असं तीन-इन-वन क्रीम होतं. त्याने पहिले चार दिवस इतकं बरं वाटलं की मी ते स्वतःच्या मनाने दीड महिना लावलं. त्यानंतर कातडी अशी पातळ झाली की टॉवेलसुद्धा सहन होईना. चूक माझीही होती. पण मेडिकलवाल्याने चिठ्ठी न बघता चौथी ट्यूब हातात ठेवली, त्याचं काय?

(स्टेरॉइडला सरसकट नावं ठेवत नाहीये. लायकेन स्क्लेरोसस नावाचा त्वचेचा आजार असतो, खाज येते, पांढरट चट्टे पडतात. त्यात क्लोबेटासोल हे स्टेरॉइडच खरं औषध. पण तो आहे की नाही हे आधी बघावं लागतं.)

शेवटी पुण्याच्या एका डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी काय केलं ते सविस्तर सांगते, कारण पुढची सगळी मलमं त्यावरच उभी आहेत. आधी स्राव कल्चरला पाठवला. तो आठवड्याने स्वच्छ आला. मग एक हात-आरसा माझ्या हातात दिला आणि कानकोरण्यासारखी कापसाची ओली काडी घेऊन योनीच्या तोंडाच्या कडेला घड्याळाचे काटे समजून एकेका जागी हलकेच टेकवली. “बारा वाजता किती? दहापैकी सांगा.” एक. “तीन वाजता?” दोन. “पाच वाजता?” मी टेबलावरून उठलेच. पाच आणि सात, या दोन ठिकाणी आठ. बाकी सगळीकडे जवळजवळ काही नाही. तीन वर्षं जे ‘खाली’ होतं, ते तांदळाच्या दोन दाण्यांएवढं निघालं. मी तोवर प्रत्येक क्रीम बाहेरच्या बाजूला थापत होते. ते दुखण्याच्या जागेला कधी लागलंच नव्हतं.

नाव सांगितलं व्हेस्टिब्युलोडिनिया. व्हल्व्होडिनियाचाच, म्हणजे योनीच्या बाहेरच्या भागातल्या दुखण्याचाच, एक प्रकार. तीन महिन्यांहून जास्त काळ दुखतंय आणि जंतुसंसर्ग, त्वचेचा आजार वगैरे काही सापडत नाही, तर त्याला हे म्हणतात. मनाचे खेळ नव्हेत, असं त्या दोनदा म्हणाल्या. दुसऱ्यांदा नवऱ्याकडे बघून.

आता ट्यूबा.

पहिली, लिडोकेन ५ टक्के ऑइंटमेंट, म्हणजे जागा बधिर करणारं मलम. हे साध्या मेडिकलमध्ये मिळतं, शंभराच्या आत. काउंटरवरचा मुलगा आवाज खाली आणून म्हणाला, “मूळव्याध का, काकू?” मी हो म्हटलं. मूळव्याध सांगायला मला अजिबात लाज वाटली नाही, गंमतच आहे. डॉक्टरांनी सांगितलेली पद्धत अशी: रात्री झोपताना वाटाण्याएवढं मलम कापसाच्या छोट्या बोळ्यावर घ्यायचं आणि बोळा बरोबर त्या कडेवर ठेवून झोपायचं. पहिल्या रात्री जे झोंबलं ते! साधारण चार मिनिटं मी पलंगाची कड धरून होते. मग बधिर. तीन वर्षांत पहिल्यांदा त्या जागेची जाणीवच नाही. झोंबणं पंधरा दिवसांत कमी झालं, संपलं मात्र नाही.

इथे बेसची भानगड कळली. औषध तेच असलं तरी ते ज्यात कालवलेलं असतं, ते झोंबू शकतं. मी ट्यूबवर घटक वाचायला लागले. प्रॉपिलीन ग्लायकॉल हा बऱ्याच जणींना त्रास देणारा घटक आहे. मध्ये एकदा ऑइंटमेंट मिळालं नाही म्हणून जेली आणली, तर तिने जास्तच आग. मग डॉक्टरांनी तेच लिडोकेन साध्या पेट्रोलियम जेलीत कालवून घ्यायला सांगितलं. मुंबईत एक फार्मासिस्ट चिठ्ठीप्रमाणे औषध तयार करून देतो, त्याच्याकडून मागवलं. खर्च दहापट, पण झोंबणं पाऊण कमी. तेव्हापासून नवीन काहीही आधी मांडीच्या आतल्या बाजूला दोन दिवस लावून बघते.

लिडोकेन जास्त लावलं म्हणजे जास्त गुण, असं नाही. नाजूक त्वचेतून ते रक्तात उतरतं. एकदा मी अंदाज चुकून तिप्पट लावलं, तर ओठांभोवती मुंग्या आल्या आणि कानात गुणगुण. घाबरून पुसून टाकलं. डॉक्टर म्हणाल्या, बरं केलंत, वाटाणा म्हणजे वाटाणाच.

संबंधांच्या आधी लावायचं असेल तर वीस मिनिटं आधी लावून नंतर स्वच्छ पुसायचं. नाही पुसलं तर नवराही बधिर होतो. आम्ही पहिल्याच वेळी ते विसरलो. त्याची तक्रार चालू, माझं हसू चालू, आणि दुखणं नव्हतं, एवढं आठवतं. आणि निरोध वापरत असाल तर तेलकट बेस, खोबरेल, व्हॅसलीन यांपासून सांभाळून. लॅटेक्स त्याने कमकुवत होतं. चिठ्ठी लिहिताना हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

एक गोष्ट डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवली होती. २०१० साली १३३ बायकांवर १२ आठवड्यांची चाचणी झाली, त्यात लिडोकेन क्रीम हे नुसत्या बिनऔषधाच्या क्रीमपेक्षा सरस ठरलं नाही. मी विचारलं, मग मला का देताय? त्या म्हणाल्या, चाचणीतली सरासरी आणि समोर बसलेली बाई यांत फरक असतो, बघू या. मला उत्तर आवडलं. पण तेव्हापासून ‘हे लावा, बरं होतं’ असं कुणाला सांगायची माझी हिंमत होत नाही. मला निम्मं कमी झालं. त्यात लिडोकेन किती आणि कुणीतरी एकदाचं नीट पाहिलं हे किती, कुणास ठाऊक.

दुसरी ट्यूब या गोष्टीची नायिका आहे आणि ती सर्वांत कंटाळवाणी आहे. पीसीओडीसाठी मी सहा वर्षं गर्भनिरोधक गोळ्या घेत होते. डॉक्टरांनी तो धागा पकडला. गोळ्यांनी शरीरातलं मोकळं टेस्टोस्टेरॉन कमी होतं, आणि त्या कडेच्या पातळ पडद्याला इस्ट्रोजेनइतकीच त्याचीही गरज असते. काही बायकांत तो पडदा सुकत जातो आणि दुखू लागतो. गोळ्या बंद केल्या. इस्ट्राडिओल (हे इस्ट्रोजेनच) ०.०१ टक्के आणि टेस्टोस्टेरॉन ०.१ टक्का असं एकत्र क्रीम, त्याच फार्मासिस्टकडून, दिवसातून दोनदा, मुगाच्या दाण्याएवढं. मूल हवं असेल तर टेस्टोस्टेरॉनचं नावही काढायचं नाही, हे त्यांनी लाल पेनने लिहून दिलं.

हे क्रीम फ्रीजच्या दारात लोण्याच्या डब्याशेजारी असायचं. सासूबाईंनी विचारलं, “हे कसलं गं?” म्हटलं, टाचांच्या भेगांचं. पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वतःच्या टाचा दाखवून थोडं मागितलं! तेव्हापासून ते एका जुन्या इडलीपिठाच्या डब्यात, झाकण लावून.

सहा आठवडे काही म्हणजे काही झालं नाही. मी सोडणारच होते. आठव्या आठवड्यात एक दिवस बँकेतून आल्यावर लक्षात आलं की आज खुर्चीत बसताना मी कड बदलली नाही. असं व्हायला लागलं. मोठा बदल नव्हे, विसरण्याचे तास वाढत गेले.

तिसरी ट्यूब, अमिट्रिप्टिलीन २ टक्के. हे मूळचं नैराश्याचं औषध, पण मज्जातंतूंच्या दुखण्यावरही देतात, आणि गोळीची झोप टाळायला क्रीम. मला सोसलं नाही. तीन आठवडे लावलं, रोज आग आणि लाली. माझ्या ओळखीतल्या एकीला मात्र याच क्रीमने उठवून बसवलं. यावर माझ्याकडे सांगायला एवढंच.

आणि आता जे मलम नाही ते. चौथ्या महिन्यात डॉक्टरांनी फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. तिने आतून एक बोट ठेवून सांगितलं की ओटीपोटाचे तळाचे स्नायू तुम्ही चोवीस तास मूठ आवळल्यासारखे आवळून बसता. मला वाटत होतं मी सैल बसलेय. कॅनडात २०२१ साली २१२ बायकांवर दहा आठवडे तुलना झाली, एकीकडे फिजिओथेरपी, दुसरीकडे रात्रीचं लिडोकेन. फिजिओथेरपी पुढे गेली, तेही चांगल्या अंतराने. हे मला तिनेच सांगितलं, थोड्या फुशारकीने, आणि तिला तो हक्क होता. त्या व्यायामाशिवाय माझी दुसरी ट्यूब एवढी चालली नसती, असं माझं मत आहे. फक्त नाशिकमध्ये हे काम करणारी शोधायला मला दोन महिने लागले. पहिल्या दोघींनी पाठदुखीचा शेक देऊन घरी पाठवलं.

हिशेब मी कालनिर्णयवर ठेवला. स्वयंपाकघरातल्या, त्याच चौकटीत, जिथे दुधाचे लिटर लिहितो. कोपऱ्यात पेन्सिलने रोजचा आकडा, दहापैकी. मार्चमध्ये सात, साडेसात, आठ. एकदा सासूबाई महिनाअखेरीला भैय्याशी भांडायला निघाल्या, “साडेसात लिटर कधी घेतलं आम्ही?” मी धावत जाऊन थांबवलं. सांगितलं काहीतरी. नंतर महिन्याभराने, एका दुपारी शेंगा सोलताना, खरंही सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “मला धाकट्याच्या वेळेपासून होतं तसं. मला वाटलं सगळ्यांनाच होतं.” त्यांचं वय ६३. पुढच्या फेरीला पुण्याला आम्ही दोघी गेलो. त्यांचं निदान वेगळं निघालं, पाळी गेल्यानंतरचा कोरडेपणा, आणि नुसत्या इस्ट्रोजेन क्रीमने त्यांना माझ्याहून लवकर गुण आला. त्यांची ट्यूब आता फ्रीजच्या बाहेर, देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात असते, झाकण उघडं ठेवायची सवय काही जात नाही.

आजची स्थिती: संप्रेरकांचं क्रीम आठवड्यातून दोनदा, लिडोकेन फक्त लागेल तेव्हा, व्यायाम रोज दहा मिनिटं, त्यात आठवड्याला दोन दांड्या. सुगंधी वॉश, पँटी लायनर, साबण हे सगळं बंद, नुसतं पाणी. पाळीच्या आधीचे चार दिवस अजूनही वाईट जातात, जीन्स अजून कपाटातच आहे. गेल्या रविवारी स्कूटरवरून त्र्यंबकला जाऊन आले, मागे नवरा. जाताना दोन वेळा थांबले, येताना एकदाही नाही. त्या चौकटीत दूध एक लिटर आणि कोपऱ्यात तीन.