टिळकवाडीतील एक दंतचिकित्सालय आणि इम्प्लांटनंतरचे दहा दिवस

खालच्या जबड्यातील डावीकडची दाढ दोन वर्षांपूर्वी काढली होती. तिच्या जागी गेल्या महिन्यात बेळगावच्या टिळकवाडी भागातील एका खाजगी दंतचिकित्सालयात इम्प्लांट बसवून घेतले. पुढे एक तक्रारही नोंदवायची असल्याने दवाखान्याचे नाव देत नाही. शस्त्रक्रियेबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही; जागा बधिर केली, टायटॅनियमचा स्क्रू हाडात बसवला, टाके घातले आणि दातांखाली गॉजचा बोळा देऊन तासाभरात मोकळे केले. दुखले ते भुलीच्या सुईचे, तेवढेच. खरा प्रश्न असतो तो खानापूरला घरी परतल्यानंतरचा.

निघण्यापूर्वी तेथील सहायक बाईंनी मला समोर बसवून सगळे पथ्य सावकाश समजावले. "काका, आज थुंकायचं नाही, लाळ गिळायची. जोरात चूळ भरायची नाही आणि नळीनं ओढून काही प्यायचं नाही." जखमेवर धरलेली रक्ताची गुठळी अशा ओढीने सुटते, हे कारणही त्यांनी सांगितले आणि त्यामुळेच ते पथ्य माझ्याकडून पाळले गेले. तंबाखू खाता का, असे त्यांनी तीनदा विचारले तेव्हा मी थोडा चिडलो होतो. परंतु निपाणीच्या बाजूला तंबाखू हे पीकही आहे आणि सवयही, आणि तंबाखूने रक्तपुरवठा घटला की हाड स्क्रूला नीट धरत नाही, हे लक्षात घेता त्यांचे चुकले असे आता म्हणवत नाही. मला मधुमेह असल्यामुळे तीन महिन्यांची सरासरी साखर तपासल्याशिवाय त्यांनी तारीखच दिली नव्हती.

त्याच रात्री आठ वाजता डॉक्टरांचा स्वतःहून फोन आला. रक्त थांबले का, गोळ्या जेवणानंतर घेतल्या का, उशी उंच ठेवली आहे का, एवढे विचारून त्यांनी सूज तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त दिसेल, असे बजावले. झालेही तसेच. पहिल्या दिवशी टॉवेलात गुंडाळलेला बर्फ वीस मिनिटे लावणे आणि वीस मिनिटे काढणे असा क्रम चालवूनसुद्धा तिसऱ्या सकाळी गाल असा सुजला होता की दाढी करताना वस्तरा कोठून फिरवावा ते कळेना. फोन आला नसता, तर मी त्याच पावली बेळगावची बस धरली असती. पाचव्या दिवसापर्यंत नाचणीची गार आंबील, ताक आणि गुरगुट्या भात यांवर निभावले.

दुसऱ्या दिवसापासून दिलेल्या क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्यांनी तोंडाची चव जाते, हे मात्र कोणीच सांगितले नव्हते. आमटीत मीठ नाही म्हणून मी दोनदा तक्रार केली आणि दोन्ही वेळा घरच्यांनी ती चाखून माझ्याकडे नुसते पाहिले.

आता मुख्य तक्रार. सोबत दिलेला सूचनांचा छापील कागद कन्नड आणि इंग्रजीतच होता. मला कन्नड वाचता येते, परंतु बर्फ लावणारी, गोळ्या मोजणारी आणि जेवण करणारी व्यक्ती मी नव्हतो, माझी पत्नी होती, आणि तिचे सारे शिक्षण मराठीत झाले आहे. तोंडात बोळा धरून मी तो कागद तिला वाचून तरी कसा दाखवणार? यात मला भाषेचा वाद घालायचा नाही. जेथे डॉक्टरांपासून स्वागतकक्षापर्यंत सगळे रुग्णांशी सहज मराठीत बोलतात, तेथे एक पान मराठीत छापणे कठीण नसावे. अखेर मुलीने त्या कागदाच्या पाठीमागे सर्व सूचना मराठीत लिहून तो फ्रिजला चिकटवला.

दहाव्या दिवशी टाके काढायला जाताना तो कागद बरोबर नेला. स्वागतकक्षातील मुलीने मोबाइलवर त्याचा फोटो काढून घेतला आणि डॉक्टरांना दाखवते म्हणाली. हाड धरण्यास सुमारे तीन महिने लागतील आणि त्यानंतर वरची टोपी बसवायची आहे. तिचे पैसे वेगळे आहेत, हे त्यांनी आरंभीच लिहून दिले होते. त्या वेळी मराठी कागद मिळाला, तर येथे तशी नोंद करीन.